बाबांची पोटरी

वलगावला आमच्या घरी पाहुण्याला चहानंतर बाबांची पोटरी पाहावी लागे. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून बाबा पोटरीवर टिचकी मारत, की कातडीखाली लिंबाएवढा गोळा उठे आणि घोट्याकडे पळे. पाहुणा हबकला की बाबा खूश. "घराण्याची खूण हाय हे! माया बापालेबी होती."

माझा मोठा भाऊ शाळेत जायला लागला तसे बाबा त्याच्या पोटरीवर टिचक्या मारायला लागले. काही म्हणजे काही हलेना. "उठन, उठन," म्हणत ते पुन्हा मारत. मला कुणी विचारलंच नाही. मग मी न्हाणीत स्वतःच मारून पाहिली, तर काय, गोळा धावतोय! ओलीचिंब तशीच सांगायला गेले. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पोरीले कुठं असते थे? मुंगी चावली असन." असा राग आला! त्यांनी मला एक टिचकी मारून पाहावी, एवढंच तर हवं होतं.

पुढे मी अमरावतीला शिकवणी वर्गात शिकवू लागले, आणि खुर्चीतून उठताना माझे पाय ताठ व्हायला लागले. डॉक्टरीणबाईंनी पोटरीवर हातोडी ठोकली आणि म्हणाल्या, "अरे वा!" रक्त तपासलं, जीन तपासला. कॅव्हिओलिन-थ्री त्याचं नाव. स्नायूच्या पेशीच्या पडद्याला बारीक बारीक खळगे असतात, ताण आला की ते पसरतात आणि पडदा सांभाळतात. ते खळगे घडवणारं प्रथिन हा जीन तयार करतो, आणि माझ्या जीनमध्येच चूक. कमी निऱ्यांच्या साडीत ढांग टाकावी, तशी माझ्या पायांची गत. घाबरण्यासारखं नव्हतं, पण वडलांनाही आणा म्हणाल्या.

बाबा तिथंही भांडले. "मंग पोराले काहून नाई, मॅडम?"

"जीन पोरगा-पोरगी पाहत नाही, बाबा. कुणालाही येतो."

"म्हंजे हे खूण नाई, बिमारी हाय?"

"दोन्ही समजा."

 घरी आल्यावर बाबा खुर्ची ओढून बसले. "पाय ठेव इथं, बाई." टिचकी मारली. गोळा उठला, सरसर गेला. बाबांचे डोळे भरून आले.

"मायापेक्षा जोरात पयते वं! आन् मी येडा, जलमभर पोराच्याच पोटरीले टिचक्या मारत बसलो."

मी रडत होते की हसत, देव जाणे. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. चहा टाकायला उठले, तर बाबांनी हात धरून मला खाली बसवलं.

"चहा मंग," ते काकूंना म्हणाले. "पयले आमच्या बाईची पोटरी पाहा."