प्लेगच्या हिवाळ्यांत झोपडीझोपडीने फिरलेल्या राधाबाई

राधाबाईंची आणि माझी पहिली भेट नंदुरबारच्या बाहेर, उघड्या माळावर झाली. गावात उंदीर मरून पडू लागले होते आणि माणसे घरांना कुलुपे घालून शेतातल्या झोपड्यांत राहायला आली होती. मी नर्सचे काम शिकायला नुकतीच दवाखान्यात रुजू झाले होते. डॉक्टरांनी मला तिथल्या जुन्या नर्स राधाबाईंच्या हाताखाली दिले. मी नमस्काराला गेले तेव्हा त्या एका म्हाताऱ्या माळ्याजवळ बसल्या होत्या.

तो म्हणत होता, "दर हिवाळाले घर सोडानं, दर उन्हाळाले परत जानं. थकी गऊ बाई. औंदा मरसू ते घरमाच मरसू."

त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात, असे माझ्या मनात आले. राधाबाई मात्र म्हणाल्या, "मीबी थकी गऊ, आबा." आणि तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने म्हातारा आपण होऊन गावातल्या घरात उरलेले अंथरूण माळावर आणायला उठला.

प्लेग तेव्हा कोणाला नवा नव्हता. भीतीचे पहिले दिवस केव्हाच सरले होते आणि मागे नुसता शीण उरला होता. बायका जाते डोक्यावर घेऊन माळावर येत आणि साथ ओसरली की तेच जाते डोक्यावर घेऊन परत जात. लग्ने पुढे ढकलली जात, शाळा बंद पडत, आणि घराची भिंत सारवून झाली की पुन्हा घर सोडण्याची वेळ येई.

लस टोचून घेण्याबद्दल लोकांच्या मनात काय आहे, हे आम्ही दवाखान्यात बसून ठरवीत होतो. धर्म बुडेल, वांझपण येईल, अशा कंड्या होत्याच. पण राधाबाई झोपडीत शिरून चुलीशी बसत आणि विचारत. एका कोळणीने त्यांना सरळ सांगितले, "हात सुजी जास, ताप येस. मंग दळन कोन दळी?"

राधाबाईंनी हे डॉक्टरांच्या कानावर घातले आणि एक रीत बसवून दिली. शेजारच्या दोघींपैकी आधी एकीने टोचून घ्यावे आणि दुसरीने तिचे दळण दळावे. पहिलीचा हात बरा झाला की दुसरीने टोचून घ्यावे. जिला शेजारीण मिळत नसे, तिच्याकडे राधाबाई स्वतः पहाटे जाऊन जात्यावर बसत. ज्यांना त्यांच्या हातचे पीठ चालत नसे, त्यांच्यासाठी त्या त्यांच्याच जातीची बाई शोधून आणीत. त्याचा त्यांनी कधी राग मानला नाही. "आता वाद घालायला अंगात बळ कुठे आहे?" एवढेच म्हणत.

त्याच हिवाळ्यात मथुराबाई तेलिणीची यमुना गेली. आठ वर्षांची पोर. राधाबाईंनीच तिला टोचले होते. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, जांघेत गाठ आली आणि दोन दिवसांत सारे आटोपले. डॉक्टर म्हणाले, विष आधीच अंगात शिरले होते, लशीला वेळच मिळाला नाही. माळावर मात्र एकच बोलणे झाले, की सुईने पोर मारली. आम्ही दिसलो की बायका मुलांना आत घेत. एका झोपडीतून आमच्या अंगावर राख आली.

डॉक्टरांनी राधाबाईंना काही दिवस शहाद्याकडच्या कामावर पाठवायचे ठरवले. त्या म्हणाल्या, "मी गेले तर लोक म्हणतात तेच खरे ठरेल." आणि त्या रोज मथुराबाईंच्या झोपडीबाहेर जाऊन बसू लागल्या. मथुराबाई त्यांच्याकडे पाहतही नसत. राधाबाईही बोलत नसत.

एकदा परतताना मी विचारले, "तुम्ही त्यांना समजावून का सांगत नाही?"

"काय सांगू? त्यांची मुलगी गेली आहे," त्या म्हणाल्या. "आता माझेच बरोबर होते, हे मी तिला पटवत बसू का?"

पुढे साथ अधिकच वाढली. डॉक्टर लशीची पेटी आणि आम्हा दोघींना घेऊन विहिरीजवळ बसले. बायका घागरी भरून घेत होत्या, पण पुढे कोणी येत नव्हते. मथुराबाई पाण्याला आल्या होत्या. त्यांनी घागर काठावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी टोची लेवाव नही. मन्हा जीव नही मानत. पन मन्ही पोरले या बाईनी मारं नही. गाठनी मारं. कोनी तिले नाव ठेवू नका."

त्या घागर उचलून निघून गेल्या. मग दळणाचे विचारणारी ती कोळीण पुढे झाली आणि तिने दंड उघडा केला. तिच्यामागून आणखी काहीजणी आल्या. सगळ्या आल्या नाहीत. त्या दिवशी टोचण्याचे काम डॉक्टरांनी केले आणि राधाबाई सुया उकळीत बसल्या.

मथुराबाईंनी पुढेही कधी लस घेतली नाही आणि राधाबाईंनी त्यांना कधी आग्रह केला नाही. दोघी आज शेजारणींसारख्या एकमेकींकडे जातात. यमुनाचे नाव दोघींपैकी कोणी काढीत नाही.

मी राधाबाईंकडून टोचायला शिकले. पण समोरची बाई 'नाही' म्हणते तेव्हा उठून न जाता तिच्याजवळ बसून राहायचे असते, हे शिकायला मला पुष्कळ वर्षे लागली.

या महिन्यात बाई साठीच्या झाल्या. त्यांचा सत्कार करायचा असे आम्ही सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "करा, पण दुपारी नको. दुपारी मला झोप लागते." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेले मी प्रथमच ऐकले. ईश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो, त्यांची प्रकृती धडधाकट राहो, आणि पुढच्या साऱ्या दुपारी त्यांचे दार कोणालाही ठोठावावे न लागो.