वैलावरचं अळू

ह्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत मी त्या घरात आले. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. लग्नात माझ्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक घातला होता. दुसरेपणाच्या बायकोनं तो घालायचाच असतो, असं आईनं सांगितलं होतं. लग्न आटोपून हे मुंबईला नोकरीवर गेले आणि जयगडच्या खाडीकाठी सासूबाई नि मी अशा दोघीच उरलो. मोतीबिंदूनं त्यांना दिसत नव्हतं. संधिवातामुळे कोणी हात धरल्याशिवाय उठताही येत नव्हतं.

पावसात परसातलं अळू नुसतं माजलेलं असायचं. सकाळी पानं चिरून, देठ सोलून, भिजवलेली डाळ नि आठळ्या घालून मी मडकं चुलीमागच्या वैलावर ठेवी. झाकणीत पाणी ओतायचं, खाली नारळाच्या सोडणाचे निखारे सारायचे आणि शेतात तण बेणायला जायचं. दुपारपर्यंत ते मंद आचेवर शिजत राही.

"मधे ढवळायला नको का कोणी?" पहिल्या दिवशी मी विचारलं.

"तू जा गो. ती बघते," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, शेजारीण. परत येऊन बघितलं तर निखारे नीट सारलेले, झाकणीत नवं पाणी, पळी ओली. अळू लोण्यासारखं मऊ झालेलं, घशाला जरासुद्धा खाजत नव्हतं. आमसुलं घालायची मी विसरले होते, तीही त्यात होती.

असं रोजच होऊ लागलं. शेवटी विहिरीवर मी शेजारणीला म्हटलं, "तुम्ही अळू बघता, बरं पडतं मला."

तिनं कळशी खाली ठेवली. "मी? ती गेल्यापासून तुमच्या स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलेलं नाही."

पुढे एकदा बोटाला विळा लागला म्हणून मी लवकर घरी आले. सासूबाई पडवीत बाजेवर पडलेल्या. आत पळी मडक्याच्या काठावर आपटल्याचा आवाज आला, ढवळून झाल्यावर बायका आपटतात तसा. मी दारात गेले. आत कोणी नव्हतं. झाकणी बाजूला ठेवलेली होती, मडक्यातून वाफ येत होती आणि काठावर टेकलेली पळी अजून हलत होती.

मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला?

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि गौरींना हे आले. नैवेद्याची भाजी-भाकरी वाढली, भाजी वैलावरच्या अळूचीच. पहिला घास तोंडात घातला आणि ह्यांचा हात थांबला. मी समोर वाढायला उभी होते, तरी ह्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"कोणी केली ही?"

"मी."

ह्यांनी भाकरी मोडली, नजर अजून दाराकडेच. इतक्या दिवसांच्या भीतीपेक्षा ह्यांचं ते पाहणं मला जास्त लागलं.

हे मुंबईला परतले त्या सकाळी मी चुलीसमोर बसले. म्हटलं, "ताई, घर तुमचं आहे, मला ठाऊक आहे. पण आता मला करू द्या."

एक निखारा तडकला, एवढंच.

मडकं ठेवून मी नेहमीसारखी शेतात गेले. दुपारी आले तर झाकणी कोरडी पडलेली, निखाऱ्यांची राख झालेली. अळू तळाला लागलेलं, वर कच्चट. सासूबाईंनी एक घास घेतला, त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्या, मग ताट चाचपून बाजूला सारलं.

"घालवलीस होय गो तिला?"

आवाजात राग नव्हता. मग त्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. "तू शेतात गेलीस की तीच होती गो मला बोलायला."

दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले नाही. त्यांना हात धरून चुलीपाशी आणून बसवलं. ढवळताना शेताचं, विहिरीवरचं, काहीबाही बोलत राहिले. त्याही उत्तर देत होत्या. किती पाणी घालायचं, आच कधी कमी करायची, सगळं सांगत होत्या. फक्त त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं. चुलीच्या पलीकडे, जिथं कोणी बसलेलं नव्हतं, तिकडे होतं.