संदर्भसूचीतली कुमारी

माझ्यावर चोरीचा आळ आला तो आयुष्यात एकदाच, आणि तोही माझाच माल चोरल्याचा.

तेव्हा मी औशाच्या कॉलेजात भूगोल शिकवत होते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पाऊस पुन्हा रुसला होता, आणि औसा तालुक्यातल्या विहिरींवर एक लेख लिहून मी पुण्याच्या एका संशोधनपत्रिकेला पाठवला होता. तो साभार परत आला. सोबत दोन कागद होते. पहिल्यावर संदर्भ कसे द्यायचे याचे नियम: आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव, कंसात साल, ग्रंथाचं नाव तिरप्या अक्षरात. आमच्या कॉलेजच्या टाइपरायटरला तिरपं अक्षर ठाऊक नव्हतं. कागदच तिरपा घालून पाठवू का, असं विचारण्याची मला फार इच्छा झाली.

दुसऱ्या कागदावर परीक्षकांचा शेरा होता. दुष्काळ पावसावरून नव्हे तर विहिरीच्या दोराच्या लांबीवरून ओळखावा, हा लेखिकेचा मुख्य मुद्दा मुखेड तालुक्यावर आधी लिहिणाऱ्या एका कुमारीच्या लेखातून जसाच्या तसा उचललेला आहे. शिवाय लेखिका त्या कुमारीचं अवाजवी कौतुक करतात.

ती कुमारी मीच होते.

मुखेड माझं माहेर. वडिलांचं तिथं बाजारात दोर-सुतळीचं दुकान होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी एम.ए. करत होते, आणि गावोगावच्या विहिरी मोजायला वडील माझ्याबरोबर यायचे. हात-हात अंतरावर गाठी मारलेला दोर ते आत सोडायचे आणि गाठी मोठ्यानं मोजायचे. बायका दोर पुरेना म्हणून त्याला लुगड्याचे काठ जोडून पाणी शेंदायच्या. त्यावरून मी लेख लिहिला आणि तो छापूनही आला. वडिलांनी तो अंक दुकानात ठेवला आणि दोर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला, त्याला वाचता येवो न येवो, दाखवला.

दुष्काळ सरायच्या आत माझं लग्न झालं. आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि रीतीप्रमाणे सासरी पहिलं नावही बदललं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं असतं. तांदूळ कुठला मिळायला! सासूबाईंनी रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, पसरला. गोल गोल दाण्यांवर अक्षर ठरेना. एक वेलांटी तीनदा घसरली. नणंदा एक नाव वाचायच्या, चुलतसासरे दुसरंच. दुसऱ्या दिवशी त्याच मिलोच्या भाकरी झाल्या आणि माझं नवं नाव मी चटणीबरोबर खाल्लं.

जुन्या नावानं हाक मारणारे मग वडीलच उरले. पण तेही औशाला आले की सासरच्या माणसांपुढं ते नाव ओठांवर आणून गिळायचे आणि नुसतं ‘बाई’ म्हणायचे. मला ते अजिबात आवडायचं नाही.

म्हणून तो शेरा वाचून मी आधी हसले आणि मग माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. लेखात ‘मी’ म्हणायचं नाही, आडनाव आणि साल तेवढं द्यायचं, हा नियम त्यांचाच. तो पाळला म्हणून मी चोर! आमच्याकडं म्हणतात ना, माझीच मोरी अन् मुतायची चोरी.

नवरा तहसील कचेरीत कारकून. दिवसभर छापील कागदांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खोडून वर ‘जि. लातूर’ लिहायचं, हेच त्याचं काम चाललं होतं. त्यानं शेरा वाचला आणि पोट धरून हसला.

“अगं, तुझी अन् औशाची एकच गत हाय. ते तर जागचं हललं बी न्हाई.”

“हसू नका. पुरावा काय पाठवू? भाकर?”

“अक्षर माझं चांगलं होतं. धान्य खराब होतं.” मग त्यानं माझी संदर्भांची यादी ओढून घेतली. “अन् हा तत्रैव कोण गं? लई लिहून ठेवलंय त्यानं.”

तत्रैव म्हणजे ‘तिथंच’, वरच्याच ग्रंथात, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही.

शेवटी मी लग्नपत्रिका पाठवली. तिच्यावर चि. सौ. कां. म्हणून माझं माहेरचं नाव होतं आणि शेजारी नवऱ्याचं. संपादकांचं सौजन्यानं भरलेलं उत्तर आलं. आळ मागे घेतला होता. मात्र वाचकांचा गोंधळ नको, म्हणून जुना लेखही सूचीत आजच्याच नावावर दाखवावा. तसं केल्यास लेख पुढच्या अंकात घेता येईल.

एका ओळीचा बदल. पण लग्नपत्रिका सोडली तर माझं ते नाव जगात एकाच ठिकाणी छापलेलं होतं, आणि तेच मी माझ्या हातानं पुसायचं होतं. नाही म्हटलं तर लेख पडून राहणार. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला.

नवऱ्यानं पत्र दोनदा वाचलं. या वेळी तो हसला नाही.

“मी रोज खोडायलोय, ते कोऱ्या फारमावरचं,” तो म्हणाला. “जुन्या दस्ताला आम्ही हात लावत न्हाई. तवा उस्मानाबाद होतं, ते होतं.”

मी नियमांचा कागद पुन्हा काढला. तिथंही तेच होतं: लेखकाचं नाव मूळ लेखावर असेल तसंच द्यावं. त्यांचाच नियम मी त्यांना उलट टपाली कळवला. कुमारीची नोंद होती तशी ठेवली आणि खाली एक तळटीप जोडली: ‘सदर कुमारींशी प्रस्तुत लेखिकेचा निकटचा परिचय असून कौतुक त्यामुळेच झाले आहे.’

संपादक हसले असावेत. लेख तळटीपेसकट छापून आला.

अंक घेऊन मी एस.टी.नं मुखेडला गेले. वडील दुकानातच होते. त्यांनी चष्मा पुसला. पहिल्या पानावरचं माझं सासरचं नाव वाचलं, मान डोलावली आणि सरळ शेवटचं पान काढलं. गाठी मोजायचे तसे एकेका ओळीवर बोट ठेवत ते खाली आले आणि थांबले. मग बाजारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते जुनं नाव वाचलं, आडनाव आधी, स्वल्पविरामाला थांबून, मग मी.

“हाय की,” ते म्हणाले. “हितंच हाय.”