मोरूचा ढोल आणि लंडनची कॅसेट

मोरू तांडेल कशालाच भीत नाही, असं मानपाड्याच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. साफ खोटं. आईच्या अंगातल्या देवीला तो टरकून होता, आणि हे त्याने स्वतः माझ्या धाकट्या भावाला, सुधीरला, सांगितलं होतं. दोघं एकाच खात्यात कामाला.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात देवीच्या पालखीपुढे तांडेलांच्या घरचा ढोल वाजे. तो वाजला की जनाबाईच्या, म्हणजे मोरूच्या आईच्या, अंगात देवी येई. घराचा दंडक एकच, देवी स्वतः उतरेपर्यंत ढोल थांबवायचा नाही. मध्येच थांबला तर जिच्या अंगात आली तिलाच ती घेऊन जाते. मोरूची आजी तशीच गेली, असं घरात सांगत. बाप वारल्यावर ढोल मोरूच्या गळ्यात आला आणि त्याच्याबरोबर ही धास्तीही.

आमचे सुधीरराव डोंबिवलीच्या एका साप्ताहिकात संगीतावर सदर लिहीत. सत्त्याण्णव साली लंडनच्या मावसभावाने त्याला एक कॅसेट पाठवली. वेगवेगळ्या कलावंतांचे तुकडे एकत्र केलेले, प्रकाराचं नाव ड्रम अँड बेस. सोबत तिकडच्या मासिकांची कात्रणं. पुढच्या शतकाचं संगीत हेच, असं एकाने ठोकून दिलेलं. या एका संग्रहामुळे गल्लीतला प्रकार घराघरांत पोचला, म्हणून दुसऱ्याने डोक्यावर घेतलेलं. आमचे परीक्षक मात्र कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते. सुधीरने लिहिलं, ‘ताशा पिसाटला आहे आणि त्याच्याखाली ढोल पेंगतो आहे. दोघांची ओळखच नाही.’ कॅसेट मागून ऐकलेल्या एका वाचकाने तर पत्रातून विचारलं, हे गाणं आहे की मिक्सरमध्ये चमचा राहिलाय? मला तो वाचक पटला.

सुधीरने ऐकायला दिलेल्या त्या कॅसेटने मोरूला झपाटलं. जेवणाच्या सुट्टीत तो डब्याच्या झाकणावर तेच बडवत बसे.

“सुधीरभाऊ, ही ताशाची धाव मी पालखीत वाजवनार.”

“अरे, आणि आईचं काय?”

“देवी खूश होईल. तीच ती चाल ऐकून तीबी कंटालली असंल.” म्हणाला खरा, पण निघताना परत विचारलं, “काय वंगाल होनार नाय ना?”

पालखीच्या दिवशी दुपारी सुधीर आणि मी कोळीवाड्यात गेलो. मोरूच्या उजव्या हातात ताशाच्या धावेसाठी बारीक काठी, डाव्या हातात ढोलाच्या ठोक्यासाठी जाड टिपरू. त्याने ती धाव धरली आणि जनाबाई नेहमीपेक्षा फार लवकर घुमू लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग शिट्ट्या थांबल्या. तिचे केस सुटले, ती गोल गोल फिरत राहिली. मोरू देवी उतरताना वाजवायचा नेहमीचा संथ ठेका धरायला बघत होता, पण ती धाव कुठे टेकतच नव्हती. शिरायला फट सापडेना. जनाबाईचे ओठ काळेनिळे पडू लागले आणि डोळे मोरूवर खिळलेले.

“बास कर रे आता!” मी ओरडले.

शेजारच्या म्हाताऱ्याने मला दटावलं, “गप ऱ्हा बाय! देवी बगते त्याच्याकरं. थांबला त आई जाईल त्याची.”

मोरूने ते ऐकलं. एकदा आईच्या डोळ्यांकडे बघितलं, डोळे गच्च मिटले आणि आणखी जोरात बडवू लागला. ही बाई आता आमच्यासमोर मरणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात सुधीर गर्दीत घुसला. “मोरू, ताशा सोड! नुसता पेंगणारा ढोल वाजव!”

स्वतःच्याच परीक्षणातलं ते कुत्सित वाक्य त्याला बरं आठवलं. मोरूने बारीक काठी टाकली. उरला जाड टिपराचा संथ ठोका. त्याच्याबरोबर जनाबाईचे पाय संथ झाले आणि ती मटकन खाली बसली. बायकांनी तिला पाणी पाजलं.

पुढच्या रविवारी मोरू कॅसेट परत द्यायला डोंबिवलीला आमच्या घरी आला. चहा पुढ्यात गार झाला, त्याने कपाला हात लावला नाही.

“आई बरी आहे ना?” मी विचारलं.

“बरी हाय. इतके दिस गप व्हती. काल बोलली.” त्याने मान खाली घातली. “म्हनाली, बाला, देवी आलीच नव्हती. पाय माजेच व्हते, पन थांबत नव्हते. मी तुज्याकरं बगत व्हते, थांब रं म्हनून. आन् तू डोले मिटलंस.”