एनिडचं पितळ

आमच्या वेल्डरबी गावात माणूस ओळखायचा तो रविवारी कुठल्या दारातून आत जातो त्यावरून. टेकडीवरच्या सेंट ऑस्विनमध्ये जाणारे ते चर्चवाले, आणि नदीकाठच्या लाल विटांच्या इमारतीत जाणारे ते चॅपलवाले. चर्चवाल्यांकडे उंच मनोरा, रंगीत काचा आणि जमिनीखाली पुरलेले बडे लोक; चॅपलवाल्यांकडे नुसत्या चुन्याच्या भिंती आणि खणखणीत गाणी. एनिड स्कॅमेल चॅपलवाल्यांची मुलगी. लग्न केलं ते चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या माणसाशी, आणि पुढचा जन्म गेला तो आपण इथल्याच आहोत हे या लोकांना पटवण्यात.

त्यासाठी तिला पितळ मिळालं. चर्चमध्ये बायकांची कामं वाटलेली असतात. फुलं मांडणं हे मानाचं काम, ते डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या बायकांकडे. माझ्याकडे चहा. घासायचं काम नव्याने आलेल्यांच्या गळ्यात. तेव्हाच्या पाळकांच्या बायकोने एनिडच्या हातात पॉलिशचा डबा दिला आणि म्हणाली, "मेणबत्त्यांचे स्टँड तर घासच, पण जमिनीतला व्यापारी विसरू नकोस हं. आपला चेहरा दिसला पाहिजे त्यात!"

हा व्यापारी लोकरीचा. वेदीच्या उजव्या अंगाला त्याच्या थडग्यावर, फरशीत पितळी पत्रा बसवलाय, त्यावर कोरलेले तो आणि त्याची बायको हात जोडून पडलेत, पाचशेच्या वर वर्षं. एनिड दर शनिवारी गुडघे टेकून, नवऱ्याच्या जुन्या बनियनने त्या दोघांना घासायची. नवरा वारला त्या आठवड्यातसुद्धा आली. मी म्हटलं, "अगं, आज तरी राहू दे." तर म्हणाली, "घरी बसून कुणाचं तोंड बघू?"

पाळक आले आणि गेले, पण एकाने म्हणून तिला "पुरे" म्हटलं नाही. पाहुणा आला की आधी तो पत्रा दाखवायचा. एकदा बिशप आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, "इथे दाढी करता येईल की!" सगळे हसले. एनिड लाजेने लालबुंद. त्या दिवशी ती मला माझ्या दारापर्यंत सोडायला आली आणि तेच वाक्य पुन्हापुन्हा सांगत राहिली.

मग चर्चचं छत गळायला लागलं. सरकारी मदतीसाठी अर्ज केला, म्हणून जुन्या वस्तूंची तपासणी करायला रेन नावाच्या एक विदुषी आल्या. पत्र्याशी बसल्या आणि बोटांनी तो चाचपून बघितला. मग त्यांनी पाळकांच्या खोलीतली जुनी तसबीर मागवली. कुणीतरी पूर्वी त्या पत्र्यावर कागद ठेवून वरून मेण घासलं होतं, त्याचा तो ठसा. ठशात व्यापाऱ्याच्या बायकोला डोळे होते, नाक होतं, चांगली दुहेरी हनुवटी होती. पत्र्यावर काहीच नव्हतं. गुळगुळीत.

"हे कोण घासतं?" त्यांनी विचारलं.

एनिड पुढे झाली. चेहऱ्यावर हसू. तिला वाटलं, शाबासकी मिळणार.

"बाई, तुम्ही हिचा चेहरा पुसून टाकलात," रेनबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण एनिडचं हसू तसंच ओठांवर राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात, मार्चच्या सुरुवातीला, समिती बसली. रेनबाईंनी जाब विचारला होता: तुमच्या ताब्यातल्या वस्तूचं असं कसं झालं? चर्चने सांगून घासलं म्हणावं तर हलगर्जीपणा ठरतो, छताची मदत जाते. आमचे पाळक प्रिडम, गोड बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ते म्हणाले, "आपण असं कळवू, की एका उत्साही बाईंनी परस्पर केलं. नाव नाही घालायचं."

एनिड कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. ती उठली. "चूक माझ्या हातून झाली, ते लिहा. नावसुद्धा घाला. पण परस्पर नाही केलं मी. तुम्ही सांगितलंत म्हणून केलं. तेवढं एक लिहा."

सगळे समोरचे कागद चाळायला लागले. बिशपांच्या वाक्याला हसलेलेच हे सगळे. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अहो प्रिडमसाहेब, गेल्या ईस्टरला तुम्हीच म्हणालात ना, पत्रा जरा मंद दिसतोय म्हणून?"

"बेरिल," समितीचे अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही सभासद नाही. चहाचं बघा."

उत्तर गेलं. परस्पर, असंच गेलं. मदत मिळाली.

एनिडने चर्चची किल्ली माझ्याकडे दिली आणि पुन्हा टेकडी चढली नाही. चॅपलमध्ये परत जावं, तर ते कधीच बंद पडलेलं; आता तिथे गालिचे विकतात. एका रविवारी ती मला त्याच दुकानाच्या काचेसमोर उभी दिसली, डोक्यावर हॅट, हातात हातमोजे. मी हाक मारली तर म्हणाली, "गालिचा बघतेय." घरात तिला गालिचा अंथरायला जागा तरी होती का! मला रडू आलं, आणि राग त्याहून जास्त.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. चर्चमध्ये नेऊ नका, थेट दहनगृहात न्या, असं भाचीला सांगून ठेवलं होतं. तरी प्रिडम आले, समिती आली, मोठी पुष्पचक्रं आली. दोन शब्द बोलू का, असं त्यांनी विचारलं, आणि भाची बिचारी भिडस्त, नाही कसं म्हणणार?

"एनिडने जे केलं ते आमच्या सांगण्यावरून केलं," प्रिडम म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. "दोष असेल तर तो आम्हा सगळ्यांचा आहे." समितीने माना डोलावल्या. वरातीमागून घोडं, आणि तेही सजवून!

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "हेच मार्चमध्ये बोलला असतात तर? ऐकायला ती होती तेव्हा."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, मी अजाण असल्यासारखा. "तेव्हा कसं बोलणार, बेरिल?" ते म्हणाले. "तेव्हा मदत मंजूर व्हायची होती."