पडद्याची दोरी

१२ सप्टेंबर १९८८ रोजी टर्नफील्ड या लहानशा गावातल्या शाळेत संगीतासाठी वर्षाची तरतूद म्हणून एकशे त्रेपन्न डॉलर चाळीस सेंट होते. संगीताच्या शिक्षिका जूनमध्येच रेजायना शहरात निघून गेल्या होत्या आणि एवढ्या पैशांत दुसरं कोणी येणार नव्हतं. मुख्याध्यापकांनी सोमवारच्या बैठकीत सांगून टाकलं, की यापुढे प्रत्येकाने आपापल्या वर्गाला गाणं शिकवायचं आणि नाताळच्या कार्यक्रमात प्रत्येक वर्गाने एक गाणं म्हणायचं. शिकवायचं कसं, ते समजावून द्यायला जवळच्या यॉर्कटन शहरात एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं.

दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग सांभाळणाऱ्या आयरीन मासलुक बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यानंतर बैठकीत काय झालं ते त्यांना आठवत नाही.

बाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि शाळेतलं त्यांचं ते चोविसावं वर्ष. गणितात कच्चं राहिलेलं मूल त्यांच्या हाताखालून सहसा कच्चं बाहेर पडत नसे. पण त्या गात नसत. १९४४ साली, सात वर्षांच्या असताना, एका खोलीच्या शाळेत त्यांच्या शिक्षिकेने रांगेतून फिरत एकेकाच्या तोंडाशी कान नेला होता. आयरीनपाशी ती थांबली आणि म्हणाली, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." नाताळच्या कार्यक्रमात आयरीनला पडद्याची दोरी दिली. पडदा म्हणजे तारेवर सेफ्टी पिनांनी अडकवलेल्या दोन चादरी. सहा वर्षं तिने तो ओढला आणि एकदाही अडकू दिला नाही. शेवटी सगळ्यांसारखं तिलाही एक संत्रं आणि गोळ्यांची पुडी मिळायची. तिला त्या दोरीचा अभिमानच होता.

पुढे चर्चमध्येही त्या गाण्यांचं पुस्तक धरून ओठ हलवत राहिल्या. नवरा नेस्टर एकोणतीस वर्षांच्या संसारानंतर समजत होता, की बायकोचा आवाज जरा नाजूक आहे.

हे सगळं त्यांचं त्यांच्यापाशी होतं. पण मागच्या नाताळात त्यांच्या वर्गातली टॅनिस रेम्पेल नावाची मुलगी रांगेत उभी राहून एकाच खालच्या सुरात घरघरत होती, आणि बाईंनी फारसा विचार न करता दोरी तिच्या हातात दिली होती. बैठकीतून घरी जाताना त्यांना तेच आठवत राहिलं. टॅनिस यंदा तिसरीत होती. पुन्हा तिला दोरी दिली, तर ती आणखी पाच वर्षं तीच ओढणार, हे बाईंइतकं कोणाला ठाऊक होतं?

१ ऑक्टोबरला, शनिवारी, यॉर्कटनच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत चौतीस शिक्षक बूट काढून, मोजे घालून गोल उभे होते. शिकवायला मिस ट्रस्कॉट नावाची, साठीची, काटकुळी बाई होती. पियानोला तिने हातही लावला नाही.

"पियानो बंद ठेवा," ती म्हणाली. "तो वाजायला लागला की तुमचं लक्ष बोटांकडे जातं आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. ही जमीन बघा. बास्केटबॉलच्या रेघा आधीच मारलेल्या आहेत. त्याच सुरांच्या पायऱ्या. मूल एक रेघ पुढे गेलं की सूर एक पायरी वर. फुकट आहे."

मग हजेरी गाऊन घ्यायची. अंगणाच्या टोकाला खेळणाऱ्या पोराला आई दारातून जेवायला हाक मारते, त्या चालीत नाव घ्यायचं आणि मुलाने त्याच चालीत ओ द्यायची. मुलांची नावं टाळ्यांत बसवायची. आणि एक चूक टाळायची.

"तुम्ही मोठी माणसं स्वतःच्या सोयीच्या, खालच्या सुरात गाणं सुरू करता," मिस ट्रस्कॉट म्हणाली. "पोरांना ते विहिरीत उतरून गायल्यासारखं होतं. आणि मग तुम्हीच म्हणता, पोरगं बेसूर आहे."

त्यानंतर एकेका शिक्षकाने स्वतःच्या नावाची हाक मारायची होती. आपल्या आधी दोघेच उरले असताना मासलुक बाई बाहेर गेल्या. जेवणाच्या सुट्टीत मिस ट्रस्कॉटने त्यांना कोट टांगायच्या खोलीत गाठलं.

"आवाज नाही म्हणणाऱ्या बायका मला नेहमी कोटांपाशीच सापडतात," ती म्हणाली. "कोणी सांगितलं तुला?"

"शिक्षिकेने. सात वर्षांची होते."

"बरं. एक सूर धर. कुठलाही. ट्रॅक्टरचा असला तरी चालेल."

बाईंनी घशातून काहीतरी काढलं. मिस ट्रस्कॉटने थोडं शोधलं आणि नेमका तोच सूर स्वतः धरला. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले, की आपला कुठला हे बाईंना कळेना.

"बघ, मी तुझ्या घरी आले," मिस ट्रस्कॉट म्हणाली. "लोक काय करतात, पोराला आपल्या घरी बोलावतात. त्याला पत्ताच माहीत नसतो, तर ते येणार कसं? आधी आपण त्याच्याकडे जायचं. आता माझ्याबरोबर एक पायरी चढ."

चार पायऱ्यांपर्यंत बाई चढल्या, पाचवीला घसरल्या.

"चार पुरतात," मिस ट्रस्कॉट म्हणाली. "पुष्कळ गाणी चारात बसतात. चल, सँडविच संपतील."

सोमवारपासून वर्गात हजेरी गाऊन सुरू झाली. मुलांना मजा वाटली. बाईंना पहिले चार दिवस घाम फुटायचा, पण आठ वर्षांच्या मुलांना शिक्षिकेचा आवाज चांगला की वाईट याच्याशी काही देणंघेणं नसतं. बावीसपैकी एकवीस मुलं बाईंच्या हाकेला बरोबर ओ देऊ लागली. टॅनिस मात्र घरघरत होती. तीन आठवडे बाई तिला पुन्हा पुन्हा हाक मारत राहिल्या, वरच्या सुरात, सावकाश, हाताने खुणा करून. शेवटी टॅनिस म्हणाली, "बाई, माझं नाव पुढच्याला द्या ना. उगाच वेळ जातो."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गाबाहेर शाळेची देखभाल पाहणारा लॉइड बर्गस्ट्रॉम जमीन पॉलिश करत होता. त्याचं ते मशीन सगळ्या शाळेला ऐकू जायचं. बाई हजेरी थांबवून दार लावायला उठल्या आणि टॅनिसच्या बाकाजवळ थबकल्या. मुलगी वहीत चित्र काढत मशीनबरोबर गुणगुणत होती. एकच सूर, अगदी त्याच्याच जागी, जराही न हलता.

बाई दार न लावता तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनीही तोच सूर धरला. टॅनिसने वर बघितलं, पण थांबली नाही. मग बाई एक पायरी चढल्या. टॅनिस थोडी चाचपडली आणि मागोमाग आली.

लॉइडने दारातून डोकं आत घातलं. "बंद करू का मशीन? आवाज होतोय?"

"अजिबात करू नकोस!"

"पंधरा वर्षं दार लावून घेतेस आणि मला सांगतेस, कटकट लांब ने म्हणून."

"लॉइड, उद्यापासून नऊ वाजता इथूनच सुरुवात कर."

"म्हणजे आता माझं मशीन गाणं शिकवणार? मग तुझ्या पगारात त्याचा वाटा किती?"

महिनाअखेर टॅनिस शाळेच्या व्यायामशाळेतल्या बास्केटबॉलच्या रेघांवर मशीनच्या सुरापासून पाच पायऱ्या चढू लागली. वर्गाने स्वतःच एक गाणं जुळवलं, बर्फात अडकलेल्या शाळेच्या बसचं, त्याच पाच सुरांत आणि वरच्या तीन पायऱ्यांवर जास्त रेंगाळणारं. पाचव्या पायरीशी बाई स्वतः नुसते ओठ हलवत.

अडचण वेगळीच निघाली. बाईंनी रांगा लावल्या तेव्हा टॅनिस रांगेत येईना.

"मग दोरी कोण ओढणार?" ती म्हणाली. "ती माझी आहे. आईने आजीला फोनवर सांगितलंय."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. "मी सहा वर्षं ओढली दोरी," त्या म्हणाल्या. "फार छान ओढायचे."

"अडकायची नाही?"

"एकदाही नाही."

"मग तुम्हालाही गाता येत नाही?"

"चार पायऱ्या येतात."

टॅनिसने जरा विचार केला. "मला पाच येतात."

"तेच म्हणतेय मी."

ती रांगेत उभी राहिली, पण दोरी कोणाही मुलाला द्यायची नाही या अटीवर. बाई लॉइडकडे गेल्या.

"दोन डॉलर," लॉइड म्हणाला. "एक उघडायचा, एक मिटायचा."

"लाज नाही वाटत?"

"माझं मशीन फुकट वापरलंस ना महिनाभर?"

१६ डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता व्यायामशाळेत बसायला जागा नव्हती. लॉइडने पडदा उघडला. मासलुक बाई वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, सूर दिला आणि मुलांबरोबर गायल्या. दुसऱ्या कडव्यात टॅनिस खाली घसरली. बाईंनी तिच्याकडे बघत तिचा सूर धरला आणि दोघी पुढच्या ओळीपर्यंत वर आल्या. तिसऱ्या रांगेत बसलेला नेस्टर शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता, तो मधेच बोलायचा थांबला.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, थांबल्या. पडदा मिटेना. लॉइड कॉफीच्या टेबलापाशी केकची बशी घेऊन उभा होता. बावीस मुलं तशीच उभी, काय करायचं कोणाला कळेना. मग टॅनिस रांगेतून निघाली, कडेला गेली आणि तिने दोरी ओढली. पडदा कुठेही न अडकता मिटला.

उघडल्याचा डॉलर लॉइडने त्याच रात्री मागून घेतला. मिटल्याचा डॉलर टॅनिसचा होतो. तो बाईंनी अजून द्यायचा आहे.