कृपया दुर्लक्ष करावे

काम सुरू करण्याआधी तयारी किती करावी, या बाबतीतला माझ्या मामेसासऱ्यांचा विक्रम पुणे शहरात कोणी मोडेल असे मला वाटत नाही. मोडायचे कोणी मनावर घेतलेच, तर त्याला आधी तेवढी तयारी करावी लागेल आणि त्यातच त्याची हयात जाईल. मामा एका कारखान्याच्या उत्पादन-नियोजन विभागातून निवृत्त झाले आणि शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांनी तोच विभाग पुन्हा उघडला. प्रेशर कुकर घेण्यापूर्वी त्यांनी सात महिने शिट्ट्यांचा अभ्यास केला. शिट्ट्या शेजाऱ्यांच्या; मामा जिन्यात, हातात घड्याळ. छत्रीची निवड दोन पावसाळे चालली आणि नोव्हेंबरात पक्की झाली. छत्री त्यांनी त्याच संध्याकाळी आणली, कारण "निर्णय झाला की अंमलबजावणीत दिरंगाई नको." जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली आलेखाचा कागद कायम पसरलेला असतो. तिथे जेवताना आमटीचा थेंब सांडला, तर तो कोणत्या रकान्यात पडला हेही मामा पाहतात.

मामी रफू करतात. पैठणीला खिळा लागतो, शालूला उंदीर लागतो, मुंजीच्या उपरण्याला निखारा लागतो. मग माणसे मामींकडे येतात. मामी त्याच साडीच्या आतल्या, निऱ्यांत दडणाऱ्या भागातून धागे सोडवतात आणि त्याच धाग्यांनी भोक उभे-आडवे विणून भरून काढतात. काम झाल्यावर फाटले कुठे होते हे दाखवायला त्यांना स्वतःलाही साडी उजेडाकडे धरावी लागते. गेल्या गणपतीनंतर त्यांना सुईचे टोक पुसट दिसू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, पडद्याचा आजार आहे. कडेचे दिसत राहील, मधले विरत जाईल. बारीक काम अजून वर्षभर होईल, पुढचे सांगता येत नाही. मामी घरी आल्या, चहा टाकला आणि म्हणाल्या, "सहा मुली मिळाल्या तर बघते. वर्षभरात येईल त्यांच्या हातात. नाहीतर हे माझ्याबरोबरच जायचं."

मामा म्हणाले, "जाहिरातीचं माझ्याकडे."

मी तिथे होतो. त्या वाक्याचे गांभीर्य मला तेव्हा कळले नाही.

काम असे होते. 'रफू वर्ग' नावाने दोन-तीन ठिकाणी खाते उघडायचे, मामींनी केलेल्या कामाचे फोटो टाकायचे आणि वर्ग कधीपासून ते लिहायचे. मामांची नात हे पाच मिनिटांत करून गेली असती. पण मामांनी कुठेतरी वाचले की पोस्ट हाताने टाकणे अशास्त्रीय आहे. ती आधी लिहून ठेवायची, तारीख-वेळ नेमून द्यायची. मग ती त्या क्षणाला आपोआप सगळीकडे जाते. हे करणाऱ्या साधनाला शेड्युलर म्हणतात आणि असे शेड्युलर पुष्कळ आहेत, हे कळल्यावर मामांच्या चेहऱ्यावर आलेले तेज मी निवृत्तीनंतर प्रथमच पाहिले. पुष्कळ आहेत म्हणजे तुलना आली. तुलना म्हणजे कागद आला. टेबलाच्या काचेखाली दुसरा कागद जोडला गेला आणि जेवणाच्या ताटांना एक बाजू कमी झाली.

अकरा शेड्युलर, तेवीस रकाने. काही रकाने कोणीही काढले असते. बाकीचे फक्त मामा काढू शकतात: 'काना-मात्रा जागच्या जागी राहतात काय', 'तारीख आधी की महिना आधी', 'चूक झाल्यास कबूल करतो काय', 'उद्धटपणा'. शेवटच्या रकान्यात तिसरा शेड्युलर बाद झाला. त्याने आपणहून सुचवले होते की आपल्या वाचकांसाठी सर्वोत्तम वेळ दुपारी अडीच. मामांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. "अडीच! पुण्यात दुपारी अडीचला जो माणूस दुसऱ्याला काही सांगायला जातो, त्याच्या बाकीच्या गोष्टींवर मी का विश्वास ठेवायचा?" पाचव्याचे घड्याळ कुठल्यातरी परक्या देशाचे होते. ते भारतीय वेळेवर आणायची सोय होती, पण मामांच्या मते ते त्याने स्वतः ओळखायला हवे होते. "आपण पत्ता दिलाय ना त्याला? शनिवार पेठ म्हटल्यावर कुठली वेळ असणार?"

प्रत्येक साधन चौदा दिवस फुकट वापरायला मिळे. मामा चौदाही दिवस वापरत. एका वेळी एकच, कारण दोन एकदम वापरले तर एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर जाण्याची शक्यता. नकार द्यायचा तर तो कळवायचाही. मुलगी पाहून आल्यावर जुनी माणसे लिहीत तसे, कारणांसह, मामा प्रत्येक कंपनीला पत्र लिहीत. सातव्या कंपनीकडून तत्काळ उत्तर आले की आपण जात आहात याचे आम्हाला अतिशय वाईट वाटते. मामा दोन दिवस बेचैन होते. "त्यांना वाईट वाटलंय हो, जावईबापू." ते पत्र यंत्राने पाठवलेले आहे, हे मी सांगितले. "म्हणजे यंत्रालासुद्धा वाटलं," असे म्हणून त्यांनी सातव्याला आणखी आठवडाभर मुदत दिली.

चाचणीसाठी काहीतरी पोस्ट टाकणे भाग होते. मामांचा नियम असा की चाचणीत खरा मजकूर घालायचा नाही. लोकांची दिशाभूल होते. म्हणून 'रफू वर्ग' या खात्यावर पहिल्या दिवसापासून एकाच धर्तीचा मजकूर दिसू लागला: 'चाचणी क्रमांक ७ (ब). ही चाचणी आहे. कृपया दुर्लक्ष करावे.' खात्याला तेव्हा शंभरेक लोक जोडलेले होते: नातेवाईक, मामांच्या सकाळच्या फिरण्यातले सोबती, मामींकडे साड्या आणणारी गिऱ्हाइके. त्यांनी निष्ठेने दुर्लक्ष केले. कारखान्यातले एक जुने सहकारी तर प्रत्येक पोस्टखाली न चुकता लिहीत: 'दुर्लक्ष केले आहे.' मामा त्यांची नोंद 'पोच मिळाली' या रकान्यात करत.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकदा मामींनी सुई ओवता ओवता, म्हणजे चौथ्यांदा प्रयत्न करता करता, सुचवले, "मी चौघींना फोन करून विचारते ना. त्या आणखी चौघींना सांगतील."

"अगं, तू फोन केलास आणि मुली आल्या, तर त्या फोनने आल्या की शेड्युलरने, हे कसं कळणार? चार महिन्यांचं काम वाया जाईल."

"कुणाचं?" मामींनी विचारले. मामा रकाना आखत होते. त्यांनी ऐकले नाही.

मीही एकदा बोललो. म्हणालो, मामा, आज फोटो काढू, आज हाताने टाकू, दोन मिनिटांचे काम आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "जावईबापू, तुमच्या धंद्यात आज छापलेलं उद्या रद्दीत जातं. तुम्हाला घाई शोभते." मी वर्तमानपत्रात काम करतो. पुढे या विषयावर मी बोललो नाही, आणि हे माझे चुकलेच. डॉक्टरांनी दिलेल्या बारा महिन्यांतले पाच महिने अकरा शेड्युलरांच्या तुलनेत गेले, हा हिशेब मला करता येत होता.

माघात निवड झाली. आठव्या क्रमांकाचा शेड्युलर. त्याचा निर्णायक गुण असा की प्रत्येक पोस्टच्या तळाशी आपोआप उमटणारी एक कायमची ओळ त्यात नोंदवून ठेवता येत असे. एकदा लिहिली की पुन्हा पुन्हा लिहायला नको. मामांनी हा गुण तपासला तेव्हा त्यांना किती समाधान झाले हे मी पाहिले आहे. त्यांनी त्या रकान्यात बरोबरची खूण दोनदा केली.

मग खरी जाहिरात तयार झाली. ती चांगली झाली होती, हे मान्य केले पाहिजे. मोरपंखी पैठणीचा फोटो, त्यावर एक बाण आणि बाणापाशी शब्द: 'इथे फाटले होते.' बाण जिथे टेकत होता तिथे अखंड साडी होती. खाली वर्गाची माहिती: येत्या सोमवारी सकाळी दहा, सहा जणींसाठी, शिक्षणाची कोणतीही अट नाही, फक्त घाई नसावी. पोस्टची वेळ मामांनी पाच महिन्यांच्या निरीक्षणातून काढली होती: गुरुवार, दुपारी चार वाजून सात मिनिटे. झोप झालेली असते, चहा झालेला असतो, भाजीला निघायचे असते. त्या दिवशी मला मुद्दाम बोलावले होते. चार वाजून सहा मिनिटांनी मामा उठून उभे राहिले, म्हणून मीही राहिलो. चार वाजून सात मिनिटांनी पोस्ट गेली. तिन्ही ठिकाणी. काना-मात्रा जागच्या जागी. मामा म्हणाले, "बघा." मी पाहिले. फोटो पाहिला, मजकूर पाहिला, अभिनंदन केले.

सोमवारी मामींनी बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली आणि कापड ताणून धरायच्या सहा लाकडी रिंगा मांडल्या. त्यांनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. दहा वाजले. साडेदहा वाजले. मामा गॅलरीतून रस्ता पाहत होते. अकराला ते म्हणाले, "पार्किंगचा प्रश्न आहे." साडेअकराला त्यांनी बेल वाजते की नाही ते स्वतः बाहेर जाऊन तपासले. बाराला मामी म्हणाल्या, "तो फोन आणा इकडे. काय लिहिलंय ते तरी बघू दे."

मामींना आता समोरचे नीट दिसत नाही. त्या फोन अक्षरे मोठी करून, तोंडापासून थोडा बाजूला धरतात. नजर मधल्यावर ठरत नाही, कडेवर जाते. म्हणून त्यांनी जाहिरात आम्ही सगळ्यांनी वाचली तशी वरून वाचली नाही. त्यांनी तळाची ओळ आधी वाचली, आणि मोठ्याने वाचली.

"ही चाचणी आहे. कृपया दुर्लक्ष करावे."

शेड्युलरने काहीही चूक केली नव्हती. मामांनी चाचणीच्या वेळी त्याला तळाशी कायमची ओळ दिली होती आणि त्याने ती कायम ठेवली होती. मामांनी ती पाच महिने इतक्या वेळा पाहिली होती की त्यांना ती दिसेनाशी झाली होती. आणि मी, ज्याला दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्याचा पगार मिळतो, त्यानेही उभे राहून अभिनंदन केले होते. पोस्टखाली एकच प्रतिक्रिया होती. कारखान्यातल्या त्या जुन्या सहकाऱ्यांची. दुर्लक्ष केले होते.

मामा खुर्चीत बसले. त्यांच्याकडे या प्रसंगासाठी रकाना नव्हता. मामी फोन खाली ठेवत म्हणाल्या, "अहो, लोकांनी तुमचं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच."

मामा हसले नाहीत. मामींनी एक रिंग त्यांच्याकडे सरकवली. "बसा खाली. सहा मांडल्यात, एक तरी वापरू."

अशा रीतीने वर्ग ठरल्या दिवशी सुरू झाला. विद्यार्थी एक, वय एकाहत्तर. पहिल्या आठवड्यात मामांनी स्वतःच्या रुमालाला भोक पाडून ते भरले. मामींनी बोट फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "याला रफू म्हणत नाहीत. याला जखम म्हणतात." पण मामा उठले नाहीत. कोणत्या सुईने चांगले शिवले जाते याची तुलनाही त्यांनी केली नाही, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो.

पंधरा दिवसांनी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारी, वर्ध्याकडची एक मुलगी आईची साडी घेऊन आली. बसमध्ये चढताना पदर दारात अडकून फाटला होता. तिने जाहिरात पाहिली नव्हती. दारातून तिला फक्त एक म्हातारे गृहस्थ रिंग मांडीवर घेऊन घामाघूम झालेले दिसले. "काकू, हे काका शिकून राहिले का?" मामी म्हणाल्या, "बसून राहिलेत." मुलगी साडी ठेवून जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. "काकांना जमतंय तर मला पण जमेल ना?" मामांनी मान वर केली नाही, पण हजेरीचा कागद त्यांनी त्याच दुपारी आखला. मुलगी रोज कॉलेजनंतर येते. तिचे बोट हलके आहे, असे मामी म्हणतात. मामींकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

मामांचे शिक्षण मात्र रुमालापुढे गेले नाही. त्यांना एकच गोष्ट साधली. मामींना आता सुई ओवता येत नाही, मामांना येते. रोज सकाळी आंघोळ झाली की ते साडीचे धागे लांबीप्रमाणे लावतात, तीस सुया ओवतात आणि लोकरीच्या एका लांब पट्टीवर त्या दिवसाच्या कामाच्या क्रमाने टोचून ठेवतात. मधे थोडी जागा मोकळी सोडतात. ती दुपारी एक ते चारची. मामी न पाहता हात लांब करतात आणि हवी ती सुई हाताला लागते. मी एकदा म्हणालो, "मामा, शेवटी शेड्युलर मिळाला म्हणायचा." ते म्हणाले, "बोलू नका, मोजतोय."

फाटलेल्या काठाला डावीकडून मामी लागतात, उजवीकडून ती मुलगी. पट्टीवरच्या सुयाही तशाच उचलतात. मामी डावीकडून, मुलगी उजवीकडून, आणि संध्याकाळपर्यंत तीसही सुया संपतात. सुरुवातीला मामी चोवीस वापरत, मुलगी सहा. आता दोघींचे हात जिथे येऊन थांबतात, ती जागा दर आठवड्याला थोडी डावीकडे सरकलेली असते. मामा हे रोज पाहतात. काचेखालच्या कागदावर हजेरी आहे, धाग्यांची लांबी आहे, चहाच्या वेळा आहेत. या एका गोष्टीसाठी त्यांनी अजून रकाना आखलेला नाही.